पी. बाळू : खेळपट्टीच्या मातीतून वर आलेला माणूस



प्रभादेवीला पी. बाळू मार्ग नावाचा एक रस्ता आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे जाणारी माणसे त्याच भागातून जातात. त्यांना थांबवून विचारले की हा पी. बाळू कोण, तर शंभरात दोघे-तिघे तरी सांगू शकतील की नाही, शंकाच आहे. आपल्या वस्त्यांतील मुले रविवार उजाडला की बॅट घेऊन गल्लीत उतरतात. देशोदेशीच्या खेळाडूंचे आकडे त्यांना तोंडपाठ असतात. पण ज्या देशात क्रिकेट हा साहेबांचा आणि राजेमहाराजांचा खेळ होता, त्या देशात या खेळातला पहिला थोर गोलंदाज अस्पृश्य मानलेल्या घरातून आला, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते.

न सांगण्यामागे एक कारणही आहे. पी. बाळू १९३७ साली परमपूज्य बाबासाहेबांच्या विरोधात निवडणुकीला उभे राहिले होते. त्यामुळे आपल्याकडे त्यांचे नाव घेताना जीभ अडखळते. मला हे योग्य वाटत नाही. माणसाचे सगळे आयुष्य समोर ठेवावे, जे पटत नाही ते पटत नाही म्हणावे, पण नाव पुसून टाकू नये. म्हणून हे चरित्र, त्यातला अवघड भाग न वगळता, आपल्यापुढे ठेवीत आहे.

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला झाला. घराणे मूळचे कोकणातल्या पालवण गावचे, त्यावरूनच पालवणकर हे आडनाव. जात चांभार. वडील लष्कराच्या नोकरीत होते आणि त्या नोकरीमुळे कुटुंब पुण्यात वाढले. लष्कराने आपल्या पूर्वजांना काय दिले हे आपल्याला नव्याने सांगायला नको. गावकीच्या बेडीतून सुटका, महिन्याच्या महिन्याला पगार आणि मुलांच्या कानावर चार नवे शब्द. पालवणकरांच्या मुलांना आणखी एक गोष्ट मिळाली. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या जुन्या बॅटी आणि चेंडू. त्यावर बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम खेळायला शिकले.

पण नुसते खेळून घर चालत नाही. बाळूंची शाळा लवकर सुटली आणि घरच्या मिळकतीला हातभार लावण्यासाठी ते कामाला लागले. पहिले काम पुण्यातल्या पारशी लोकांच्या क्रिकेट मैदानावर. मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, आणि सभासदांना सराव हवा असेल तेव्हा चार चेंडू टाकायचे. महिना ३ रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबवर लागले. तिथे पगार ४ रुपये, म्हणजे एका रुपयाची बढती. काम मात्र वाढले. रूळ ओढणे, खेळपट्टी आखणे, जाळी उभी करणे, गवत कापणे, शिवाय टेनिसच्या मैदानांची आखणी.

या कामाबद्दल थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे यातूनच निघाले असे मला वाटते. त्या काळी खेळपट्टी झाकून ठेवण्याची पद्धत नव्हती. पाऊस पडला की ती भिजे, ऊन लागले की वरून सुके आणि आतून ओली राही. अशा मातीवर चेंडू कसा वळेल, कुठे उसळेल, कुठे बसेल, हे फलंदाजाला टप्पा पडल्यावर कळे. रूळ ओढणाऱ्याला ते आदल्या संध्याकाळीच कळलेले असे. उन्हापावसात सगळा दिवस मोकळ्या मैदानात काढणारा हा मुलगा मातीचा स्वभाव जाणून होता. आपल्यापैकी ज्यांचे वाडवडील शेतात राबले त्यांना हे वेगळे समजावून द्यायला नको. ढेकूळ हातात घेतले की ओल किती हे त्यांना कळत असे.

पूना क्लबच्या एका साहेबाने या पोऱ्याला सरावासाठी चेंडू टाकायला सांगितले आणि त्याच्या डाव्या हातातली जादू क्लबभर झाली. बाळू डाव्या हाताने संथ, फिरकी गोलंदाजी करीत. चेंडू हवेत उंच देऊन फलंदाजाला पुढे ओढायचा आणि जमिनीवर पडताच वळवायचा, ही त्यांची रीत. कॅप्टन ग्रेग हा त्या वेळचा नावाजलेला गोरा फलंदाज. तो इतरांच्या आधी तासभर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी. त्याला बाद केले की दर वेळी आठ आणे, असा त्याने बोली लावल्याचे सांगतात. महिन्याचा पगार ४ रुपये आणि एका बळीला आठ आणे, म्हणजे आठ बळींत महिन्याचा पगार! गोष्ट खरी असो वा रंगवलेली, ग्रेगला रोज बाद करणे बाळूंच्या फायद्याचेच होते. पण याच क्लबात त्या मुलाच्या हातात बॅट मात्र कधी दिली गेली नाही. चेंडू टाकणे ही मजुरी समजली जाई आणि फलंदाजी ही बड्या लोकांची. वर्णव्यवस्था आपल्याच धर्मग्रंथांत असते असे नाही. ती खेळाच्या मैदानावरही कामांची वाटणी करून बसते.

गोऱ्यांच्या मैदानावर असा गोलंदाज तयार होत असताना पुण्याच्या हिंदू क्लबला गोऱ्यांना हरवायचे होते. मग पेच पडला. या चांभाराला संघात घ्यायचे कसे? काही तेलुगू सभासदांनी आग्रह धरला, ब्राह्मण सभासदांपैकी बऱ्याच जणांचा विरोध. शेवटी जिंकण्याच्या गरजेने विरोधावर मात केली. बाळू संघात आले.

आणि इथे, वाचकहो, आपल्या घरातल्या मुलांना जे सांगायला हवे ते येते. मैदानावर सवर्ण खेळाडू बाळूंच्या हातातला चेंडू आपल्या हातात घेत. त्याच चेंडूला घाम पुसत, तोच एकमेकांकडे फेकीत. त्या चेंडूला विटाळ होत नसे. पण चहाची वेळ झाली की सवर्ण खेळाडू तंबूत चिनी मातीच्या कपातून चहा घेत आणि बाळूंना बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या बोळक्यातून चहा मिळे. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या जागी. तोंड धुवायचे झाले तर एका कोपऱ्यात उभे राहायचे आणि अस्पृश्य जातीच्याच नोकराने पाणी ओतायचे. ज्या गोलंदाजाने अर्धा संघ बाद केला त्याला पाण्याच्या भांड्याला हात लावायची मुभा नाही!

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली झाला. त्यापूर्वी सुमारे तीस वर्षे पुण्याच्या मैदानावर हा प्रकार चालू होता आणि त्याला कोणी अन्याय म्हणत नव्हते, निदान मोठ्याने तरी नाही. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यावर मिळवलेल्या विजयानंतर मात्र हवा थोडी बदलली. बाळू घातक ठरू नयेत म्हणून तिथल्या मंडळींनी आठवडाभर रूळ फिरवून खेळपट्टी कठीण करून ठेवली होती, तरी बाळूंनी सात गडी बाद केले. ज्या माणसाने आयुष्यभर रूळ ओढला त्याला रुळाची भीती ती काय? पुण्याला परतल्यावर सत्कार झाले. न्या. महादेव गोविंद रानड्यांनी सभासदांना बजावले की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खायला-प्यायला हरकत कसली. लोकमान्य टिळकांनीही त्यांचा गौरव केला. बोळके लगेच गेले नाही, पण त्याची लाज वाटू लागली, एवढे खरे.

१८९६ च्या प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईस आले. काही काळ लष्करात आणि मग बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत त्यांनी नोकरी केली. कंपनीच्या संघातून खेळत आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडूनही. तिथेही आरंभी काही सभासदांनी नाके मुरडली. पण मुंबई ही पुणे नव्हती. इथे गिरणीत, गोदीत, रेल्वेच्या कारखान्यात खांद्याला खांदा लावून काम करताना विटाळ पाळणे थोडे अवघड होते. थोडेच, कारण चाळींतून आणि पाण्याच्या नळांवर जात होतीच. मात्र हिंदू जिमखान्यात बाळू आणि त्यांचे भाऊ इतरांबरोबर बसून खाऊ-पिऊ लागले, हा बदल लहान नव्हता.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. बाँबे जिमखान्याच्या ज्या मैदानावर तो झाला त्या क्लबात हिंदी माणसाला सभासदत्व नव्हते. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या, गोऱ्यांना १९१ आणि १०२ वर रोखले आणि १०९ धावांनी सामना जिंकला. विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा सिंहाचा वाटा होता आणि शिवरामही संघात होते. मुंबईच्या सुधारणावादी पत्रांनी तेव्हा लिहिले की हा विजय जातिभेद बाजूला ठेवल्यामुळे मिळाला. तो बाजूला मैदानापुरताच ठेवला होता, हे लिहायला मात्र बहुधा विसरले.

या काळापर्यंत बाळू एकटे राहिले नव्हते. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे तिन्ही धाकटे भाऊ त्यांच्या मागोमाग या खेळात उतरले आणि तिघेही हिंदू संघापर्यंत पोहोचले. एका अस्पृश्य घरातले चार भाऊ, चौघेही पहिल्या प्रतीचे खेळाडू! एक माणूस वर चढला आणि मागची शिडी ओढून घेतली, असे आपल्यात पुष्कळदा घडते. बाळूंनी तसे केले नाही. ४ रुपयांच्या पगारातून घराला हातभार लावणारा हा थोरला भाऊ नाव मिळाल्यावरही थोरला भाऊच राहिला.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा पहिला संयुक्त संघ इंग्लंडला गेला. संघात राजघराण्यातले होते, पारशी होते, मुसलमान होते, सवर्ण हिंदू होते, आणि बाळू व शिवराम हे दोघे भाऊ होते. बाळूंचे वय तेव्हा पस्तिशीच्या पुढे गेले होते, खांदा दुखत होता. संघाने मार बराच खाल्ला. पण बाळूंनी दौऱ्यात ११४ गडी बाद केले, सरासरी १८.८४. लीस्टरशायरविरुद्धच्या विजयात त्यांनी एकट्याने ११ बळी घेतले आणि सॉमरसेटविरुद्ध शिवरामने शतक ठोकले. त्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या कौंटी संघांनाही असा गोलंदाज आपल्याकडे असावा असे वाटले. पूना क्लबवर ज्याच्या हातात कोणी बॅट दिली नव्हती, त्याला हे!

मुंबईस परतल्यावर अस्पृश्य समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला. त्या प्रसंगी त्यांना मानपत्र अर्पण करणारा तरुण एल्फिन्स्टन कॉलेजचा विद्यार्थी होता. परळला राहणारे भीमराव रामजी आंबेडकर! वय अवघे वीस. बाबासाहेब अजून अमेरिकेला जायचे होते, त्यांचे नाव समाजाबाहेर कोणाला ठाऊक नव्हते. बाळू मात्र त्या घटकेला देशभर गाजलेले. परळ-लालबागच्या चाळींतल्या आपल्या आजोबा-पणजोबांना आपल्यातला एक माणूस विलायतेत जाऊन साहेबाला बाद करून आला, याचा केवढा अभिमान वाटला असेल! तरुण भीमरावांनाही तो वाटला. पुढचे मतभेद वाचताना हे विसरून चालणार नाही.

आता कर्णधारपदाची गोष्ट. १९१० पासून बाळू हे हिंदू संघातले सर्वांत ज्येष्ठ आणि सर्वांत यशस्वी खेळाडू. पण कर्णधार? ते पद ब्राह्मणाकडे किंवा दुसऱ्या सवर्णाकडे. १९१३ साली कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी स्वतःच हा मान बाळूंचा होता असे बोलून दाखवले, आणि याबद्दल त्या गृहस्थांना श्रेय दिले पाहिजे. तरीही समितीला पाझर फुटला नाही. सात वर्षे अशीच गेली. १९२० च्या चौरंगी सामन्यांत पै आजारी पडले. तेव्हा समितीने बाळूंना संघातूनच वगळले आणि विठ्ठलना डावलून प्रा. दि. ब. देवधर यांना कर्णधार केले. विठ्ठल त्या वेळी संघाचे उत्तम फलंदाज होते.

या वेळी पालवणकर गप्प बसले नाहीत. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघ सोडला आणि जातीमुळे आपल्याला डावलले जाते हे जाहीर निवेदन काढून सांगितले. हा अपमान आपला एकट्याचा नाही, साऱ्या अस्पृश्य समाजाचा आहे, अशी त्यांची भूमिका होती. मला विचाराल तर सगळ्या बळींपेक्षा आणि शतकांपेक्षा ही गोष्ट मोठी. नेमून दिलेल्या जागी नाकासमोर काम करीत राहायचे, कधीतरी कोणीतरी दखल घेईल, ही वाट बाळूंनी पंचवीस वर्षे धरली होती. धाकट्या भावांनी एका दिवसात दुसरी वाट दाखवली. आणि त्याचा परिणाम झाला! गवगवा झाला, समिती नरमली. पुढच्या सामन्यासाठी भाऊ परत आले, बाळू उपकर्णधार झाले आणि पै थोडा वेळ मैदानाबाहेर गेले तेव्हा हिंदू संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. काही तासांपुरती का होईना. तो त्यांच्या क्रिकेटचा शेवटचा हंगाम.

१९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले, हिंदूंनी युरोपियनांना अंतिम सामन्यात हरवले आणि सवर्ण प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर उचलून नेले.

ज्यांना आकड्यांची आवड आहे त्यांच्यासाठी. प्रथम श्रेणीचे म्हणून मोजले जाणारे ३३ सामने बाळूंच्या नावावर आहेत. त्यात १७९ बळी, सरासरी १५.२१. हे सगळे सामने त्यांनी तिशीच्या आसपास आणि त्यानंतर खेळले. ऐन तारुण्यातली पुण्याची वर्षे यात धरलेलीच नाहीत. हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना १९३२ साली लॉर्ड्सवर झाला, तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते.

त्याच १९३२ साली ते वेगळ्या मैदानात दिसतात. बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेत झगडून अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ मिळवले होते. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात त्याविरुद्ध प्राणांतिक उपोषण आरंभले. मद्रासचे एम. सी. राजा आणि बाळू हे संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचे. २४ सप्टेंबर १९३२ रोजी झालेल्या पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत पी. बाळू हेही नाव आहे. स्वतंत्र मतदारसंघ गेले, त्याऐवजी प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा आल्या. बाबासाहेबांनी ही सही कोणत्या दडपणाखाली केली हे आपण जाणतो. बाळूंनी ती खुशीने केली. १९३३ साली ते हिंदू महासभेतर्फे मुंबई महापालिकेच्या निवडणुकीला उभे राहिले आणि पडले.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. बाळूंनी धर्मांतराला उघड विरोध केला, ते आत्मघाताचे ठरेल असे त्यांचे मत होते. मे १९३६ मध्ये दादर-नायगावला महार परिषद भरली आणि धर्मांतराचा निर्धार पक्का झाला, तेव्हाही ते आपल्या मताला चिकटून राहिले.

असे का झाले असावे? फितूर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्यांच्या आयुष्याकडे पाहा. त्यांच्यासाठी दारे एकेक करून उघडली होती, आणि ती काही सवर्णांनीच आतून उघडली होती. रानडे होते, पै होते, मुंबईचे सुधारक होते. बोळके जाऊन कप आला हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. हिंदू समाज हळूहळू सुधारेल यावर त्यांचा विश्वास बसला तो पुस्तके वाचून नव्हे, स्वतःच्या अनुभवावरून. चूक होती ती इथेच की त्यांनी आपल्या अनुभवाला साऱ्या समाजाचा अनुभव मानले. डाव्या हातात असा चेंडू असेल तर दार उघडते. ज्याच्या हातात फक्त झाडू आहे, त्याच्या पोराने काय करायचे? समाजातला एखादाच सात गडी बाद करतो. बाकीच्यांच्या चहाचे बोळके कधी बदलणार? बाबासाहेबांचा प्रश्न हा होता, आणि त्याचे उत्तर बाळूंकडे नव्हते. शिवाय चर्मकार समाजातल्या अनेक पुढाऱ्यांना महार समाजाच्या मागे जाणे रुचत नव्हते, हेही त्या काळचे सत्य आहे. जातीची उतरंड आपल्याही डोक्यात होती.

१९३७ च्या फेब्रुवारीत मुंबई विधानसभेसाठी भायखळा-परळ मतदारसंघात बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षातर्फे उभे राहिले. काँग्रेसने त्यांच्यासमोर बाळूंना उभे केले. डाव उघड होता. अस्पृश्यांच्या पुढाऱ्याला अस्पृश्यांच्याच आवडत्या खेळाडूकडून पाडायचे. लढत चुरशीची झाली. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. फरक २,०२० मतांचा. मानपत्र देणारा आणि घेणारा पंचवीस वर्षांनी त्याच परळात असे आमनेसामने आले.

या पराभवानंतर बाळू राजकारणात फारसे पुढे दिसत नाहीत. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. सांताक्रूझला अंत्यविधी झाला, त्याला खेळाडू, लोकप्रतिनिधी आणि दलित पुढारी हजर होते. पंधरा महिन्यांनी नागपूरला दीक्षाभूमीवर जे घडले ते त्यांनी पाहिले नाही. पाहिले असते तर काय म्हणाले असते याचा तर्क करण्यात अर्थ नाही.

विठ्ठल पालवणकरांनी १९४८ साली मराठीत माझे क्रीडा-जीवन हे आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. पुस्तक आता सहजी मिळत नाही. दादर-गिरगावच्या जुन्या ग्रंथालयांत कोणाला सापडले तर घरातल्या मुलांना जरूर वाचून दाखवावे. भावाविषयी भाऊ लिहितो तेव्हा आकड्यांपलीकडचेही काही कळते.